घोषणांच्या आधी मोजमाप : माध्यमिक विद्यार्थ्यांना पाणी आणि पर्यावरण शिकवण्याची एक पद्धत

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने ‘पाणी वाचवा’ हे वाक्य शेकडो वेळा ऐकलेले असते, भित्तिपत्रकावर थेंबाचे चित्र दोन-तीनदा काढलेले असते आणि जलचक्राची आकृती बाणांसकट पाठ केलेली असते. तरीही शाळेच्या नळाला येणारे पाणी कोठून येते, शाळा बंद असताना त्यातले किती वाहून जाते आणि बेसिनमधून खाली गेलेले पाणी पुढे कोठे पोहोचते, असे विचारले की बहुतेक वर्ग गप्प होतो. अध्यापनाला सुरुवात करायची ती याच ठिकाणापासून. या वयाच्या मुलांना उपदेशाचा कंटाळा आलेला असतो, पण स्वतः मोजलेला आकडा त्यांना खरोखर अस्वस्थ करतो. म्हणून पुढे मांडलेल्या उपक्रमाचा क्रम प्रत्येक वेळी सारखाच ठेवला आहे: आधी अंदाज, मग मोजमाप, मग त्यावर वाद आणि शेवटी जमल्यास एखादी कृती.

हा उपक्रम आठवड्याला एक जोडतास धरून साधारण बारा आठवड्यांत पूर्ण होतो. वेळ कमी असेल तर सगळे थोडे थोडे उरकण्यापेक्षा पाण्याचा हिशेब आणि भूजलाचा नमुना हे दोनच भाग नीट करावेत.

पूर्वतयारी

सर्वांत आधी शिक्षकाने एकट्याने शाळेच्या आवारात एक फेरी मारावी. पाण्याचा मीटर, साठवणीच्या टाक्या, पंप, सगळे नळ, स्वच्छतागृहे, गच्चीवरून पाणी खाली आणणारे पन्हळ आणि सांडपाण्याची वाट यांची नोंद करून एक कच्चा नकाशा तयार करावा. यात दीड-दोन तास जातात, पण पुढचा सगळा उपक्रम याच नकाशावर उभा राहतो. शिवाय मीटर नेमका कोठे आहे हे शाळेत कोणालाच माहीत नसते, असाही अनुभव येऊ शकतो.

साहित्य फार लागत नाही. मोजपात्र, बादली, घड्याळ, मोजपट्टी, दोरी, तापमापी, सामू (पाण्याची आम्लता किंवा अल्कता, pH) मोजण्याच्या पट्ट्या, पारदर्शक डबे, वाळू, खडी, चिकणमाती आणि खाण्याचा रंग एवढ्यात बहुतेक प्रयोग होतात. पाण्यातील विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर मिळाला तर फार उपयोगी पडतो. प्रत्येक गटाला एक जाड, शिवलेली वही द्यावी. सुटे कागद दुसऱ्या आठवड्यापर्यंत हरवतात आणि त्यांच्याबरोबर तुलना करण्याची शक्यताही हरवते.

ओढा, नदी किंवा तलावावर जायचे असेल तर शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी, प्रत्येक दहा मुलांमागे एक प्रौढ व्यक्ती, हातमोजे, बंद बूट आणि नंतर साबणाने हात धुण्याची सोय या गोष्टींना पर्याय नाही. पावसानंतर पाणी चढलेले असताना तेथे जाऊ नये. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कोणालाही उतरू देऊ नये, आणि ज्याच्या हातापायाला जखम आहे त्याने काठावर बसून नोंदी घ्याव्यात.

पहिली पायरी : मुलांच्या डोक्यातले चित्र कागदावर आणणे

पहिल्या तासाला काहीही शिकवू नये. प्रत्येकाला कोरा कागद देऊन दोन चित्रे काढायला सांगावीत: नळातले पाणी तेथवर कसे आले, आणि जमिनीखाली पाणी कसे असते. गुण नाहीत आणि चुकीचे असे काही नाही, हे आधीच स्पष्ट करावे. दुसऱ्या चित्रात बहुतेक वेळा जमिनीखाली एखादे मोठे तळे किंवा भुयारातून वाहणारी नदी दिसते. काही विशिष्ट खडकांत, उदाहरणार्थ चुनखडीत, असे प्रवाह असतातही. पण बहुतांश भूजल मातीच्या व वाळूच्या कणांमधल्या फटींत आणि खडकांच्या भेगांत साठलेले असते, ही कल्पना कितीही वेळा वाचली तरी मनात उतरत नाही.

आणखी काही ठाम गैरसमज येथेच उघड होतात. स्वच्छ दिसणारे पाणी पिण्यायोग्य असते, ढग म्हणजे वाफ, गाळणीतून गेलेले पाणी शुद्ध होते, वगैरे. या समजुती लगेच दुरुस्त करण्याचा मोह आवरावा. कागद गोळा करून जपून ठेवावेत आणि शेवटच्या आठवड्यात मुलांना परत द्यावेत; स्वतःचे जुने चित्र लाल पेनने तपासणारा विद्यार्थी कोणत्याही परीक्षकापेक्षा कठोर असतो.

दुसरी पायरी : साठा आणि प्रवाह

पृथ्वीवरील पाण्यापैकी सुमारे ९७.५ टक्के खारे आणि २.५ टक्के गोडे आहे, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. ते डोळ्यांना दिसावे म्हणून १ लिटर पाणी घ्यावे आणि त्यातून २५ मिलिलिटर बाजूला काढावे. ते गोडे पाणी. त्यातले १७ मिलिलिटरहून थोडे अधिक हिमनद्या आणि हिमस्तरांत अडकलेले आहे, तर साधारण साडेसात मिलिलिटर भूजल आहे. सर्व नद्या आणि गोड्या पाण्याची सरोवरे मिळून उरतो तो ड्रॉपरमधून पडणारा जेमतेम दीड थेंब. तो थेंब काचपट्टीवर ठेवून वर्गात फिरवावा.

येथेच थांबले तर मात्र हा प्रयोग दिशाभूल करतो, आणि बहुतेक ठिकाणी तो येथेच थांबतो. नद्यांमध्ये एका क्षणी असलेले पाणी थोडे असले तरी ते सतत बदलत असते. नदीतले पाणी सरासरी दोन-तीन आठवड्यांत नवे होते, हवेतली बाष्पे आठ-दहा दिवसांत पाऊस होऊन पडतात, तर खोलवरचे काही भूजल हजारो वर्षे जागचे हललेले नसते. घरातल्या हंड्यात पाणी किती आहे हा एक प्रश्न, आणि नळाला पाणी किती वेळ येते हा दुसरा. पहिला साठ्याचा, दुसरा प्रवाहाचा. ज्या वेगाने साठा भरतो त्यापेक्षा जास्त वेगाने तो उपसला की टंचाई येते, हे समीकरण फळ्यावर लिहून ठेवावे. पुढच्या प्रत्येक पायरीत त्याच्याकडे बोट दाखवावे लागते.

तिसरी पायरी : शाळेच्या पाण्याचा हिशेब

या भागाला किमान तीन आठवडे द्यावेत, कारण मुले सर्वांत जास्त शिकतात ती येथे.

प्रथम प्रत्येक गटाने शाळेत दररोज किती लिटर पाणी लागते याचा अंदाज बंद पाकिटात लिहून द्यावा. त्यानंतर सलग पाच दिवस ठरलेल्या वेळी मीटर वाचावा. मीटर नसेल तर टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मोजून घनफळ काढावे. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर. सर्वांत महत्त्वाचे वाचन संध्याकाळी शाळा बंद होताना आणि सकाळी उघडण्यापूर्वी घ्यायचे असते. मीटरनंतर टाकी असेल तर रात्री टाकी भरत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. कोणीही पाणी वापरत नसताना आकडा पुढे सरकला असेल, तर ती गळती आहे. कोठेतरी पाणी मुरते आहे, हा वाक्प्रचार मुलांना येथे अगदी शब्दशः भेटतो.

मग गळती शोधायची. गळक्या नळाखाली मोजपात्र ठेवून बरोबर १० मिनिटांत जमलेले पाणी मोजावे आणि १४४ ने गुणावे, म्हणजे दिवसाचा आकडा मिळतो. १० मिनिटांत २५ मिलिलिटर जमले तर दिवसाला ३.६ लिटर आणि वर्षाला सुमारे १३०० लिटर होतात. थेंबाथेंबाने वर्षाला किती हजार लिटर वाया जातात याचे जे आकडे भित्तिपत्रकांवर छापलेले असतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत, कारण थेंबाचा आकार आणि वेग प्रत्येकाने वेगळा धरलेला असतो. मुलांना असे दोन-तीन आकडे देऊन कोणता खरा मानावा हे विचारावे. संख्येकडे संशयाने पाहण्याची सवय लागण्यासाठी याहून चांगला प्रसंग मिळणार नाही.

फ्लशच्या टाकीची गळती कानाला ऐकू येत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती महिनोन्महिने चालू राहते. टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि पंधरा-वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर झडप गळते आहे. हा प्रयोग मुलांना अतोनात आवडतो आणि दुसऱ्या दिवशी तो घरोघरी केला जातो.

चालू नळाचा प्रवाह मोजण्यासाठी बादली भरायला लागणारा वेळ पुरतो. मिनिटाला ६ लिटर पाणी सोडणारा नळ हाताला साबण चोळताना २० सेकंद उघडा राहिला तर २ लिटर जातात. ५०० मुलांच्या शाळेत प्रत्येकाने दिवसातून एकदा असे केले तर १००० लिटर. शेवटी सगळे आकडे एका तक्त्यात मांडून पिणे, हात धुणे, स्वच्छतागृहे, फरशी पुसणे, बाग आणि गळती असे वाटे पाडावेत व बंद पाकिटे उघडावीत. अंदाज बहुधा कित्येक पटींनी चुकलेले असतात, शिक्षकाचासुद्धा.

या हिशेबानंतर एक प्रामाणिक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. जगभरात नद्या, तलाव आणि भूजल यांतून उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीला, २० टक्क्यांच्या आसपास उद्योगांना आणि जेमतेम १० टक्के घरगुती व नागरी वापराला लागते. म्हणजे नळ बंद करणे योग्यच आहे, पण केवळ त्याने जगाचा पाणीप्रश्न सुटतो असे मुलांना सांगणे खोटे ठरेल. वस्तू तयार करताना खर्ची पडलेले आणि त्या वस्तूबरोबर एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाणारे पाणी दाखवण्यासाठी ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांनी ‘आभासी पाणी’ ही कल्पना मांडली आणि त्यासाठी त्यांना २००८ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. २००२ मध्ये डच संशोधक आर्यन हुकस्ट्रा यांनी ‘जलपाऊलखूण’, म्हणजे एखाद्या वस्तूमागे एकूण किती पाणी खर्ची पडते, ही मोजणी पुढे आणली. त्या पद्धतीनुसार सुती टी-शर्टमागे सुमारे २७०० लिटर आणि किलोभर गव्हामागे सुमारे १८०० लिटर ही जागतिक सरासरी निघते. मात्र यात शेतात पडून मातीत टिकलेले पावसाचे पाणी आणि धरणातून किंवा विहिरीतून दिलेले पाणी असे दोन्ही धरलेले असते, आणि त्यांचा नदीवर होणारा परिणाम सारखा नसतो. हा फरक न सांगता नुसते मोठे आकडे फेकणे म्हणजे पुन्हा घोषणाच.

चौथी पायरी : पावसाचे पाणी कोठे जाते

१ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी मिळते. हे सोपे नाते कळले की मुले स्वतःच छपरे मोजायला निघतात. ४०० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस म्हणजे ८००० लिटर. सांडणे, भिजणे आणि उडणे यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला तरी ६४०० लिटर हाती लागतात. पर्जन्यमापक सरळ उभ्या बाजूंच्या बाटलीचाच करावा. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा बसवावा आणि तळाच्या खोलगट भागात खडे व शून्याच्या खुणेपर्यंत पाणी घालावे, म्हणजे वाचन चुकत नाही.

पाणलोट क्षेत्राची कल्पना नकाशावरून समजावण्यापेक्षा कागदाचा बोळा करून अर्धवट उलगडावा, त्याच्या उंच कडांवर पाण्यात विरघळणाऱ्या शाईने रेघा ओढाव्यात आणि वरून पाण्याचा फवारा मारावा. रंग कोणत्या घडीत गोळा होतो हे पाहिलेल्या मुलाला जलविभाजक, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाटणारी उंच कडा, म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर तीन सारखे ट्रे घ्यावेत: एकात गवत उगवलेली माती, दुसऱ्यात पालापाचोळ्याने झाकलेली आणि तिसऱ्यात उघडी. तिन्हींना सारखा उतार देऊन प्रत्येकावर १ लिटर पाणी सारख्याच वेगाने झारीने ओतावे. खाली जमलेले पाणी किती, ते येऊ लागायला वेळ किती लागला आणि ते किती गढूळ आहे, या तीन नोंदी घ्याव्यात. उघड्या मातीतून आलेले तपकिरी पाणी काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून तळाशी बसलेला गाळ मोजावा. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये आपल्या मुख्य पाणीस्रोतासाठी अवाढव्य गाळण प्रकल्प उभारण्याऐवजी कॅट्सकिल डोंगररांगांतील पाणलोट सांभाळण्याचा करार तेथील गावांशी का केला, हा प्रश्न या ट्रेंपुढे उभे राहूनच विचारावा.

पाचवी पायरी : भूजलाचा नमुना

मासे ठेवण्याची छोटी काचपेटी किंवा मोठा पारदर्शक डबा घ्यावा. तळाशी ५ सेंटिमीटर खडी, तिच्यावर वाळू आणि एका बाजूला अर्ध्या भागापुरता चिकणमातीचा पातळ थर घालून त्यावर पुन्हा वाळू पसरावी. हात धुण्याच्या साबणाच्या बाटलीचा दाबपंप काढून त्याच्या नळीच्या टोकाला बारीक कापड बांधावे आणि तो वाळूत उभा रोवावा. ही झाली विंधन विहीर. दुसऱ्या टोकाला वाळू उकरून खळगा करावा, हे तळे. आता फवाऱ्याने पाऊस पाडावा. काचेतून पाण्याची पातळी हळूहळू वर येताना दिसते आणि खळग्यात पाणी आपोआप भरते. तळे म्हणजे भूजलाची पातळी जेथे जमिनीच्या वर डोकावते ती जागा, हे मुलांना दिसते.

मग पंप चालवावा. विहिरीभोवतीची पातळी खचत जाते आणि थोड्या वेळाने दूरचे तळे आटू लागते. तळ्याच्या मालकाने काय गुन्हा केला होता, असा प्रश्न विचारून वर्गाला भांडू द्यावे.

प्रदूषणासाठी विहिरीपासून काही अंतरावर वाळूच्या पृष्ठभागावर खाण्याच्या रंगाची पूड ठेवून तिला कचरा टाकण्याची जागा म्हणावे. पाऊस पाडत राहावे आणि पंपातून येणारे पाणी दर दोन मिनिटांनी वेगवेगळ्या पेल्यांत घ्यावे. कितव्या पेल्यात रंग आला, हे नोंदवावे. नंतर पूड काढून टाकावी आणि स्वच्छ पाऊस पाडत पाणी पुन्हा नितळ व्हायला किती पेले लागतात ते मोजावे. दूषित व्हायला लागलेल्या वेळेपेक्षा शुद्ध व्हायला लागणारा वेळ बराच मोठा निघतो, आणि अनेकदा तास संपतो तरी फिकट रंग येतच राहतो. चिकणमातीच्या थराखाली रंग उशिरा पोहोचतो किंवा पोहोचतच नाही, हेही चौकस मुलांच्या लक्षात येते.

येथे पाठ्यपुस्तकांतून राहून जाणारा एक मुद्दा घ्यावा. चिकणमातीत पोकळ्यांचे एकूण प्रमाण वाळूपेक्षा जास्त असू शकते, पण त्या इतक्या सूक्ष्म असतात की पाणी पुढे सरकत नाही. म्हणजे पाणी धरून ठेवणे आणि पाणी देणे हे दोन वेगळे गुणधर्म आहेत. सच्छिद्रता (पोकळ्यांचे प्रमाण) आणि पार्यता (पाणी पुढे जाऊ देण्याची क्षमता) हे दोन शब्द पाठ करून घेण्यापूर्वी वाळू आणि चिकणमाती भरलेले दोन पेले, तळाला भोक पाडून, शेजारी शेजारी ठेवावेत.

उपशाचा परिणाम जमिनीवर कसा होतो, यासाठी कॅलिफोर्नियातील सान होआकिन खोऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे. १९२५ ते १९७७ या काळात शेतीसाठी झालेल्या भूजल उपशामुळे तेथील एका ठिकाणची जमीन सुमारे ९ मीटर खचली. दबलेल्या चिकणमातीच्या थरांतील पोकळ्या पुढे पाऊस झाला तरी पूर्ववत उघडत नाहीत, त्यामुळे तेवढी साठवणक्षमता कायमची जाते.

सहावी पायरी : वाहत्या पाण्याची तपासणी

ओढ्यावर गेल्यावर सुरुवात प्रवाह मोजण्यापासून करावी. काठाकाठाने १० मीटर अंतर आखून संत्र्याची साल किंवा लाकडाचा तुकडा पाण्यात सोडावा आणि लागलेला वेळ तीनदा मोजून सरासरी काढावी. रुंदी आणि पाच ठिकाणची खोली मोजून काटछेदाचे क्षेत्रफळ काढावे. पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा वेगाने वाहते, म्हणून उत्तराला ०.८५ ने गुणावे. ओढा २ मीटर रुंद, सरासरी ०.३ मीटर खोल आणि वेग सेकंदाला ०.४ मीटर असेल तर सेकंदाला सुमारे २०४ लिटर पाणी वाहते आहे. शाळेच्या रोजच्या वापराशी या आकड्याची तुलना मुले आपणहून करतात.

त्यानंतर तापमान, सामू, गढूळपणा आणि शक्य असल्यास विरघळलेला ऑक्सिजन व नायट्रेट मोजावे. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो: समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साधारण साडेसात. तो ५ मिलिग्रॅमच्या खाली गेला की अनेक माशांना त्रास होऊ लागतो आणि २ च्या खाली बहुतेक मासे तग धरत नाहीत. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात व रात्री घेतात, त्यामुळे पहाटे आकडा सर्वांत कमी आणि दुपारी जास्त येतो. एका गटाने सकाळी आणि दुसऱ्याने दुपारी मोजले तर दोघांची नदी वेगळी ठरते. म्हणून मोजण्याची वेळ पक्की ठरवून घ्यावी.

रासायनिक पट्टी फक्त त्या क्षणाची स्थिती सांगते. गेल्या काही महिन्यांची हकीकत कळते ती तळाच्या दगडांखाली राहणाऱ्या जिवांकडून. स्टोनफ्लाय, मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांच्या पाण्यातल्या पिल्लावस्था प्रदूषणाला फार संवेदनशील असतात. चतुर (ड्रॅगनफ्लाय) आणि टाचणी (डॅमसेलफ्लाय) या कीटकांची पिल्ले मध्यम सहनशील. तर लालभडक रक्तकिडे, गाळातले बारीक कृमी आणि बऱ्याच जळवा कमी ऑक्सिजनमध्येही टिकतात. पांढऱ्या ट्रेमध्ये थोडे पाणी घेऊन दगड त्यात हलकेच धुवावा, जीव ओळखून मोजावेत आणि त्यांना होते तेथेच परत सोडावे, दगडही जसा होता तसाच ठेवावा. संवेदनशील जीव एकही न सापडणे हा नायट्रेटच्या एखाद्या आकड्यापेक्षा मोठा पुरावा आहे, असे मला वाटते.

आजारकारक जिवाणूंची वाढ शाळेत करू नये. ती चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्यावी.

परतल्यावर निराशेचा सूर लागण्याची शक्यता असते, विशेषतः ओढा घाणेरडा निघाला तर. त्या वेळी टेम्स नदीची गोष्ट सांगावी. १९५७ मध्ये लंडनजवळचा तिचा पट्टा जैविक दृष्ट्या मृत मानला गेला होता. सांडपाणी शुद्धीकरणात सुधारणा झाल्यावर पुढच्या काही दशकांत तिच्यात शंभराहून अधिक जातींचे मासे नोंदवले गेले.

सातवी पायरी : वापरलेले पाणी आणि आरोग्य

बाटलीत खडी, वाळू आणि कोळसा भरून केलेली गाळणी सर्वांना ठाऊक असते. तिच्यात एक बदल करावा: गढूळ पाण्यात थोडे मीठ विरघळवून ते गाळण्यापूर्वी आणि गाळल्यानंतर टीडीएस मीटरने मोजावे. पाणी चकचकीत दिसते, पण आकडा जवळपास तोच राहतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणे आणि शुद्ध असणे यांतला फरक एवढ्याने पक्का होतो. हे पाणी कोणीही पिऊ नये, हे मोठ्याने सांगावे.

याच तासाला १८५४ मधील लंडनच्या कॉलऱ्याच्या साथीचा नकाशा, निष्कर्ष न सांगता, मुलांपुढे ठेवावा. मृत्यूंचे ठिपके ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती दाट दिसतात. जवळच्या दारूभट्टीतील कामगार मात्र आजारी का पडले नाहीत, असे विचारावे. त्यांना भट्टीतली बिअर मिळे आणि भट्टीची स्वतःची विहीरही होती. डॉ. जॉन स्नो यांच्या आग्रहामुळे ८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. तोपर्यंत साथ ओसरू लागलेली होती, ही बाजू लपवू नये. दांडा काढल्यामुळेच साथ थांबली असे म्हणता येईल का, यावर वर्गाची मते विभागली गेली तर तास यशस्वी झाला.

जवळपास सांडपाणी शुद्धीकरण केंद्र असेल तर त्याची भेट जरूर ठेवावी. वायुवीजनाच्या टाकीत हवा सोडून जिवाणूंकडूनच घाण खाऊन घेतली जाते, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर मुलांची तोंडे पाहण्यासारखी होतात.

आठवी पायरी : पाण्यावरचा वाद

येथवर मुलांनी पाणी मोजले; आता ते कोणाला किती द्यावे, हा प्रश्न. यासाठी मध्य आशियातील अरल समुद्राचे उदाहरण उत्तम. १९६० च्या आसपास क्षेत्रफळाने जगातील चौथे मोठे सरोवर असलेला हा जलाशय, अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या सिंचनाकडे वळवल्यामुळे आटत गेला. उघड्या पडलेल्या तळाची खारट धूळ उडू लागली आणि मासेमारी संपली. २००५ मध्ये कोकअरल धरण पूर्ण झाल्यावर उत्तरेकडील छोट्या भागाची पातळी पुन्हा वाढली. वर्गाचे कापूस पिकवणारे, मच्छीमार, नदीच्या वरच्या अंगाचे लोक आणि सरकार असे गट करावेत. प्रत्येकाला १०० मापे पाणी वाटण्याचा प्रस्ताव लेखी द्यायला लावावा, आणि प्रत्येक वक्त्याने आधी विरोधी गटाचा मुद्दा त्या गटाला मान्य होईल अशा शब्दांत सांगावा, अशी अट घालावी. या अटीशिवाय चर्चेचा बाजार होतो.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात तीव्र दुष्काळामुळे १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घालण्यात आली होती. आपला दिवस ५० लिटरमध्ये बसवा, हा गृहपाठ चांगला आहे, पण तो देण्यापूर्वी थांबून विचार करावा. वर्गातल्या काही घरांत रोज ५० लिटरही येत नसतील. अशा मुलांना काटकसर शिकवायला जाणे क्रूर ठरते; उलट एका बादलीत काय काय होते, हे वर्गाला शिकवण्याचा अधिकार त्यांचा आहे. मात्र त्यांनी स्वतःहून बोलायचे ठरवले तरच. पिण्याचे सुरक्षित पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क असल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २८ जुलै २०१० रोजी मान्य केले, तेही याच चर्चेत सांगावे.

नववी पायरी : एकच काम

शेवटी वर्गाने एक काम निवडावे, आणि ते निवडताना चार गोष्टी तपासाव्यात: ते शाळेच्या अधिकारात आहे का, आधी आणि नंतर मोजता येईल का, सहा आठवड्यांत होईल का, आणि सुट्टीत त्याची देखभाल कोण करील. गळक्या झडपा बदलून घेणे, छपरावरचे पाणी साठवणे, झाडांच्या आळ्यांत पाचोळ्याचे आच्छादन घालणे किंवा दर महिन्याच्या मीटर वाचनाचा फलक लावणे ही कामे साधी वाटतात, पण टिकतात. मुख्याध्यापकांना द्यायचे निवेदन मुलांनीच लिहावे आणि त्यात विनंतीपेक्षा तक्ता मोठा असावा.

वृक्षारोपण हा सर्वांचा आवडता पर्याय असतो, आणि त्याबद्दल थोडा सबुरीचा सल्ला द्यावासा वाटतो. कोणतेही झाड कोठेही लावले की पाणी वाढते, असे नाही. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून भरपूर पाणी शोषणारी परदेशी झाडे नदीखोऱ्यांतून काढून टाकण्याचा सरकारी कार्यक्रम चालवला जातो, तो प्रवाह परत मिळावा म्हणूनच. त्या जागी पूर्वी काय उगवत होते आणि पहिली दोन वर्षे रोपाला पाणी कोण घालणार, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय खड्डे खणू नयेत. काठाची स्वच्छता करायची असेल तर कचरा प्रकारांनुसार मोजून नोंदवावा, म्हणजे तो कोठून येतो हे कळते; नुसता उचलला तर पुढच्या महिन्यात तेवढाच पुन्हा जमतो.

मूल्यमापन आणि नोंदवही

‘पाणी वाचवण्याचे पाच उपाय लिहा’ या प्रश्नाला पहिलीतले मूलही उत्तर देऊ शकते, म्हणून तो विचारू नये. त्याऐवजी अनोळखी आकडे द्यावेत: एका शाळेचे सात दिवसांचे मीटर वाचन, त्यात एका रात्री अचानक वाढलेला आकडा, आणि काय झाले असावे व ते कसे तपासाल, हा प्रश्न. किंवा एका ओढ्याच्या दोन ठिकाणच्या नोंदी देऊन मधल्या पट्ट्यात काय घडत असावे, याचे किमान दोन पर्यायी खुलासे मागावेत. एकाच खुलाशावर अडून न बसणाऱ्या उत्तराला जास्त गुण द्यावेत. पहिल्या दिवशीची चित्रे याच वेळी परत करावीत आणि त्यांतील दुरुस्त्यांसाठीही गुण ठेवावेत.

एका वर्षाच्या नोंदींतून फारसे सिद्ध होत नाही. पाच वर्षांच्या नोंदींतून बरेच काही होऊ शकते. म्हणून गटांच्या वह्या रद्दीत न जाता प्रयोगशाळेच्या कपाटात राहतील, अशी व्यवस्था करावी. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मोजमापाच्या जागांचा नकाशा, मोजण्याची ठरलेली वेळ, वापरलेल्या साधनांची नावे आणि झालेल्या चुका लिहून ठेवाव्यात. शेवटच्या पानावर त्या गटाला सुटला नाही असा एक प्रश्न पुढच्या तुकडीसाठी लिहावा, आणि नव्या वर्षी उपक्रमाचा पहिला तास ते पान वाचून सुरू करावा.